शिकवणाऱ्यांचं न वाचणं

पाचगणीहून पसरणीचा घाट उतरला की वाई लागते. १९१७ साली विनोबा भावे गांधीजींच्या आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन या वाईत आले. नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी बसून उपनिषदं आणि ब्रह्मसूत्रं वाचायची, एवढाच हेतू. पण नुसतं स्वतःपुरतं वाचून त्यांचं भागलं नाही. त्यांनी विद्यार्थ्यांचं मंडळ काढलं, वाचनालय सुरू केलं. पुस्तकांना पैसे नव्हते, तेव्हा मुलांनी जातं धरलं. दोन शेर दळण एका पैशाला, असा दर ठरला आणि आलेला पैसा वाचनालयाला जाऊ लागला. खात्यापित्या घरची मुलंही जात्यावर बसली. जुन्या वळणाच्या त्या गावाने त्यांना वेड्यात काढलं. दळणाचा वर्ग दोनेक महिने चालला आणि वाचनालयात चारशेच्या आसपास पुस्तकं झाली. विनोबांनी हा सगळा हिशेब गांधीजींना पत्राने कळवला होता.

त्या मुलांना वाचनाबद्दल वेतनवाढ मिळणार नव्हती की पदोन्नती. आज त्याच घाटाने वर पाचगणीला चढणाऱ्या गाड्यांतून महाविद्यालयांचे प्राध्यापक येतात. पाचगणी हे निवासी शाळांचं गाव, हवा थंड, हॉटेलं भरपूर. त्यामुळे शिक्षकांच्या 'क्षमतावृद्धी'ची शिबिरं इथे भरवायला सोयीचं पडतं. अशा एका शिबिरात मी बसलो आहे, म्हणून तिथे काय चालतं ते सांगतो.

विषय होता अध्यापनाची गुणवत्ता. सभागृहात मोठा फलक, त्यावर संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो वक्त्याच्या फोटोपेक्षा मोठा. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, परिचय, मनोगतं, आणि पहिलं सत्र सुरू व्हायला दुपार झाली. वक्ते पडद्यावरची वाक्यं वाचून दाखवत होते. ती वाक्यं समोर बसलेल्या प्रत्येकाला वाचता येत होती. सभागृहात एकाच्याही हातात पुस्तक नव्हतं. प्रत्येकाला मिळालेल्या पिशवीत वही, पेन, कार्यक्रमपत्रिका आणि स्थळदर्शनाचं वेळापत्रक होतं. दुपारचं सत्र आटोपतं घेऊन सगळे टेबललँडच्या पठारावर गेले, तिथून स्ट्रॉबेरी क्रीम खायला. शेवटच्या दिवशी व्हॉट्सॲपवर अभिप्रायाची लिंक यायची होती. ती भरली की प्रमाणपत्र मेलवर. 'लिंक आली का हो?' हाच प्रश्न त्या सभागृहात सर्वांत जास्त वेळा विचारला गेला. मांडलेल्या विषयावर एकही प्रश्न आला नाही. जिथे कोणी काही वाचलंच नव्हतं, तिथे प्रश्न येणार कुठून?

त्या हॉटेलापासून भिलार गाडीने अर्ध्या तासाच्या आत. ४ मे २०१७ रोजी शासनाच्या मराठी भाषा विभागाने या गावाला 'पुस्तकांचं गाव' केलं. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून सुचलेली ही कल्पना. मात्र तिथे जुनी पुस्तकं विकत मिळतात, भिलारला ती कोणालाही फुकट बसून वाचता येतात. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी आपल्या घरातल्या खोल्या दिल्या, पडव्या दिल्या, देवळाने जागा दिली. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी पंधरा हजारांच्या घरात पुस्तकं होती. एका घरी इतिहास, दुसऱ्या घरी चरित्रं, तिसऱ्या घरी कविता. कपाट उघडायचं आणि खुर्ची ओढून बसायचं. परक्या माणसाने आपल्या ओसरीवर येऊन वाचावं म्हणून शेतकऱ्याने जागा मोकळी केली. आमच्या शिबिराच्या स्थळदर्शनात भिलार नव्हतं. मी ते सुचवलं, तर आयोजकांनी अगदी मनापासून विचारलं, "तिथे बघण्यासारखं काय आहे?"

हा दोष मी त्या आयोजकांचा मानत नाही. त्यांच्या तोंडून महाराष्ट्राचं सबंध उच्च शिक्षण बोलत होतं. वर्गात जे वाचायला सांगायचं ते आपण स्वतः वाचायचं, हा शिक्षकाचा पहिला धर्म आपण वेळापत्रकातून काढून टाकला आहे. आणि चार सहकाऱ्यांनी एकत्र बसून वाचायचं, ही गोष्ट तर आता समजावून सांगावी लागते. म्हणून ती सांगतो. पाच-सात जणांनी एक प्रकरण किंवा एक शोधलेख घ्यायचा. वाचून यायचं, किंवा आल्यावर मोठ्याने वाचायचं. परिच्छेद संपला की थांबायचं. ज्याला कळलं नाही त्याने 'कळलं नाही' म्हणायचं, ज्याला कळलं त्याने सांगायचं, कोणालाच कळलं नसेल तर कोश उघडायचा. या बैठकीत वक्ता नसतो, अध्यक्ष नसतो, हारतुरे नसतात. खर्च झेरॉक्सचा आणि चहाचा.

डॉक्टर मंडळींना हे नवं नाही. मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात विल्यम ऑस्लर यांनी १८७५ साली 'जर्नल क्लब' सुरू केला. परदेशी वैद्यकीय मासिकं एकट्याला परवडेनात, म्हणून मिळून घ्यायची आणि मिळून वाचायची. आज आपल्या वैद्यकीय महाविद्यालयात एमडी करणारा निवासी डॉक्टर ठरल्या वारी नवा शोधलेख सहकाऱ्यांसमोर मांडतो. किती रुग्णांवर प्रयोग केला, तुलना कोणाशी केली, निष्कर्ष खरंच निघतो का, यावरून वरिष्ठ त्याला धारेवर धरतात. तिथे अज्ञानाची किंमत रुग्ण मोजतो आणि ती डोळ्यांना दिसते. इतिहासाच्या, अर्थशास्त्राच्या, मराठीच्या वर्गात शिक्षकाच्या अज्ञानाची किंमत विद्यार्थी मोजतो. ती कोणाला दिसत नाही, विद्यार्थ्यालासुद्धा नाही. म्हणून तिचा जाब कोणी विचारत नाही, आणि नेमका याच कारणाने मी तो अपराध अधिक गंभीर मानतो.

परदेशाचे दाखले तरी कशाला हवेत? साताऱ्या-सांगलीच्या गावोगावी श्रावणात पोथी लावायचे. हरिविजय असेल, पांडवप्रताप असेल. गावात वाचता येणारे दोन-चारच, त्यातला एक ओव्या वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा, आणि ऐकणारा शेतकरी मध्येच अडवून विचारायचा की असं कसं झालं? अर्थ सांगणाऱ्याला उत्तर द्यावं लागे. निरक्षर माणसांनी पिढ्यान् पिढ्या एकत्र वाचन केलं. पीएच.डी. झालेल्या माणसांना ते जमत नाही, हे मला सहन होत नाही.

आणि या मातीतली माणसं एकत्र वाचून काय करू शकली, तेही पाहू. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण, सावित्रीबाई नायगावच्या, दोन्ही गावं साताऱ्याची. १८४७च्या सुमाराला जोतीरावांनी आणि सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर या मित्रांनी थॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं. दुसऱ्याच वर्षी पुण्यात मुलींची शाळा उभी राहिली. त्याच १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी सभा काढली, तिच्या मराठी शाखेला ज्ञानप्रसारक सभा म्हणत. सभेत निबंध वाचायचे आणि त्यावर वाद घालायचा, एवढाच उद्योग. वर्षभरात त्या मंडळींनी मुलींच्या शाळा काढल्या आणि शिकवायलाही आपणच उभे राहिले. कऱ्हाड तालुक्यातल्या टेंभूचे आगरकर डेक्कन कॉलेजात टिळकांबरोबर रात्री जागवून वाचत आणि भांडत. त्या भांडणांतून १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज निघालं. पुढे दोघांची तोंडं दोन दिशांना झाली, पण वाचलेलं अंगी लागलं होतं. म्हणून त्यांच्या भांडणानेही महाराष्ट्र शहाणा झाला. आगरकर प्राचार्य झाले आणि चाळिशी गाठण्याआधी गेले. तोवर आपल्या 'सुधारक' पत्रातून त्यांनी जे लिहिलं, ते अभ्यासक्रमात लावून आज आपण त्यावर चौदा गुणांचे प्रश्न काढतो. मूळ निबंध वाचून वर्गात जाणारे किती आहेत, हे प्रत्येक मराठी विभागाने स्वतःला विचारावं.

वाईचं उदाहरण मला सर्वांत जवळचं वाटतं, कारण ते केवळ इतिहासजमा नाही. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्या प्राज्ञपाठशाळेत ग्रंथ एकट्याने उरकायची पद्धत नव्हती. ओळ लावायची, पूर्वपक्ष मांडायचा, तो खोडायचा, खोडणाऱ्याला पुन्हा अडवायचं. या शिस्तीत लक्ष्मणशास्त्री जोशी घडले. १९६० साली राज्याचं साहित्य संस्कृती मंडळ झालं, त्याचे ते पहिले अध्यक्ष. मराठी विश्वकोशाचं काम त्यांच्याकडे आलं आणि ते वाईला बसून झालं. पहिला खंड १९७६ साली आला आणि पुढे वीस खंडांपर्यंत काम गेलं. महाराष्ट्रभरच्या प्राध्यापकांनी नोंदी लिहिल्या. आलेली नोंद जशीच्या तशी छापायची नाही हा दंडक होता. जाणकाराने तपासायची, संपादकांनी वाचायची, भाषा पाहायची, शंका परत लेखकाकडे पाठवायच्या. नामवंत प्राध्यापकाचंही लिखाण दुरुस्त होऊन परत येई. मे. पुं. रेगे मुंबईत कीर्ती महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांनी प्राज्ञपाठशाळेचं 'नवभारत' मासिक संपादित केलं, विश्वकोशाचं प्रमुख संपादकपदही सांभाळलं. महाविद्यालयात शिकवणारा माणूस आपलं वाचन सहकाऱ्यांपुढे ठेवतो, ते खोडून घेतो आणि मग मराठी वाचकाला देतो, ही रीत इथे, या घाटाच्या पायथ्याशी, आपल्या आजोबांच्या नव्हे तर आपल्या वडिलांच्या हयातीत चालू होती.

मग ती थांबली का? वेळ नाही, हे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते अर्धंच खरं आहे. खरं उत्तर उच्चारायला जड जातं. एकत्र वाचायला बसलं की आपल्याला काय येत नाही ते उघडं पडतं. वर्गात ते झाकता येतं, कारण विद्यार्थी प्रश्न विचारत नाही. त्याने विचारू नये अशी व्यवस्था आपणच केली आहे. शिबिरात ते झाकता येतं, कारण तिथे नुसतं बसायचं असतं. सहकाऱ्यांच्या गोल बैठकीत मात्र ते झाकता येत नाही. विभागप्रमुखाला धाकट्या सहकाऱ्यासमोर 'मला हे कळलं नाही' म्हणावं लागेल. पंचवीस वर्षं जो विषय शिकवला, त्यातलं एक मूळ पुस्तक आपण कधी उघडलंच नाही, हे कबूल करावं लागेल. या भीतीपायी आपण ज्ञानाच्या संस्थेत न वाचण्याला प्रतिष्ठा दिली. 'आता वाचायला वेळ कुठे मिळतो' हे वाक्य प्राध्यापक आज लाजून बोलत नाहीत, बढाईने बोलतात.

या भीतीला आपली जुनी उतरंड खतपाणी घालते. कोणी कोणासमोर अज्ञान कबूल करायचं, याचे आपल्या समाजात अलिखित नियम आहेत. वयाने मोठा धाकट्यासमोर करत नाही, पुरुष बाईसमोर करत नाही, वरच्या जातीतला खालच्या म्हटल्या गेलेल्या जातीतल्यासमोर करत नाही. आणि राखीव जागेवर आलेला सहकारी 'कळलं नाही' म्हणाला, तर तो त्याच्या नेमणुकीविरुद्ध पुरावा धरला जाईल, या धास्तीने तो गप्प राहतो. शिक्षकांच्या खोलीत कोण कोणाशेजारी बसतं, डबा कोण कोणाबरोबर उघडतं, ते एकदा नीट पाहा. वाचनाची बैठक का जमत नाही ते तिथेच कळेल. सत्यशोधकांच्या सातारा जिल्ह्यात, ज्या जिल्ह्यात भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची पोरं एका वसतिगृहात एका पंगतीला बसवली, त्या जिल्ह्यातल्या प्राध्यापकांच्या खोलीत ही स्थिती असावी, याची मला शरम वाटते.

आणखी एक भेद नवा आहे आणि तो शासनाने जन्माला घातला. एकाच वर्गाला एकच पेपर शिकवणारे दोन शिक्षक. एक कायम, ज्याचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. दुसरा तासिका तत्त्वावरचा, नेट-सेट झालेला, कित्येकदा पीएच.डी.सुद्धा, तासावर मोजलेलं मानधन घेणारा, तेही महिनोन्महिने थकलेलं. जागा वर्षानुवर्षं भरायच्या नाहीत आणि याच मुलांच्या जिवावर महाविद्यालयं चालवायची, हे शासनाचं धोरण आहे. जागा भरायची वेळ आली की संस्थाचालकाला किती द्यावे लागतात, याचे आकडे गावच्या पारावर बोलले जातात, आणि कोणाला धक्का बसत नाही. ज्याने नोकरीसाठी शेत गहाण टाकलं त्याने पहिल्या पगारातून पुस्तकं घ्यावीत, असं त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि जो दोन महाविद्यालयांत तास करून एसटीने रात्री घरी पोचतो, त्याला वाचनमंडळाला ये म्हणणं ही क्रूर थट्टा आहे. तरीही माझा अनुभव असा आहे की, वाचलेलं पुस्तक पिशवीतून काढून 'सर, हे बघा' म्हणणारा बहुतेक वेळा हाच तरुण असतो. त्याचं ऐकून घ्यायला कायम झालेल्यांना फुरसत नसते.

वर विद्यापीठ अनुदान आयोगाने मोजपट्टी आणली. २०१० च्या नियमावलीपासून शिक्षकाच्या प्रत्येक हालचालीला गुण मिळू लागले. शोधलेखाला इतके, परिषदेतल्या निबंधाला इतके, शिबिराला इतके. त्या तक्त्यात सहकाऱ्यांबरोबर पुस्तक वाचल्याला रकाना नव्हता. जे मोजलं जात नाही ते करायचं नाही, असं सुशिक्षितांनी ठरवलं. जे मोजलं जातं ते पैसे देऊन विकत घ्यायचं, असंही ठरवलं. पैसे भरले की आठवड्यात शोधलेख छापून देणारी नियतकालिकं गल्लोगल्ली निघाली. २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाला स्वतःच्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकावी लागली. त्या नियतकालिकांत ज्यांचे लेख होते त्यांनी पदोन्नती परत केली नाही. कोणी वाचलेला नाही, कोणी वाचणार नाही, लिहिणाऱ्यानेही पुन्हा वाचला नाही, असा मजकूर छापून त्यावर वेतनवाढ घेणं, याला चोरी म्हणायला आपण का कचरतो? तलाठ्याने सातबाऱ्यासाठी शंभर रुपये मागितले की आपण त्याला भ्रष्ट म्हणतो.

ग्रंथालयात चला. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातलं कोणतंही जाडजूड संदर्भपुस्तक उचला आणि मागच्या पानावरची परतीच्या तारखेची चिठ्ठी पाहा. मी पाहतो, ती माझी सवय आहे. पहिल्या दोन-तीन ओळींत शिक्के असतात, खाली चिठ्ठी कोरी. काही पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटलेलीच, कोणी ती उलटलेली नसतात. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो. त्या दिवशी तीच पुस्तकं टेबलावर मांडतात, प्राध्यापक हातात एकेक धरून उभे राहतात, फोटो निघतो, अहवालात जातो, पुस्तकं पुन्हा कपाटात जातात आणि कपाटाला कुलूप लागतं. महाविद्यालयाचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती यायची असली की 'वाचन कट्टा' रंगवला जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुराने सांगली नगर वाचनालयात पाणी शिरलं, दीडशे वर्षांच्या घरातल्या त्या संस्थेची दुर्मीळ पुस्तकं चिखल झाली, तेव्हा आपण सगळे हळहळलो. लोकांनी गावोगावहून पुस्तकं पाठवली, ते योग्यच होतं. पण महाविद्यालयांच्या कोरड्या कपाटांत जी पुस्तकं आपण स्वतःच्या हातांनी निकामी करून ठेवली आहेत, त्यांच्यासाठी कोणी हळहळताना मी पाहिलेला नाही.

आता या सगळ्याचा भार कोणावर पडतो ते पाहा. माण-खटावची, जत-आटपाडीची मुलगी पहाटेची एसटी धरून महाविद्यालयात येते. जावळी-पाटणच्या मुलाचा बाप मुंबईत माथाडी आहे. त्यांच्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज पुस्तक नाही. शहरातल्या सुखवस्तू घरच्या मुलाला शिक्षक कच्चा निघाला तरी आई-बाप आहेत, शिकवणी आहे, घरातलं कपाट आहे. या मुलांना फक्त शिक्षक आहे. तो जे सांगेल ते त्यांच्यासाठी ज्ञान. त्याने बाजारातल्या मार्गदर्शिकेतून टिपणं उतरवून दिली तर त्यांचं सबंध अर्थशास्त्र तेवढंच. त्यांना फसवलं गेलं, हे त्यांना स्पर्धा परीक्षेच्या तिसऱ्या प्रयत्नात कळतं, तेव्हा ती दोष स्वतःला देतात. पोटाला चिमटा काढून फी भरलेल्या आई-बापांचा हा विश्वासघात आहे आणि तो आपण शिक्षकांनी केलेला आहे. शासनाचा वाटा मोठा, संस्थाचालकाचा मोठा, पण वर्गाच्या दारातून आत जाणारा माणूस मी असतो.

गेल्या दोन-तीन वर्षांत तर हे आणखी उघडं झालं. नवं शैक्षणिक धोरण २०२४ च्या जूनपासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत आलं. भारतीय ज्ञान प्रणाली नावाचा विषय आला. ज्याचा कार्यभार कमी त्याच्याकडे तो दिला गेला, मग तो वाणिज्याचा असो की प्राणिशास्त्राचा. त्या शिक्षकाची काही चूक नाही. पण त्याने काय करावं? बहुतेकांनी कोणाकडून तरी आलेली पीडीएफ उघडली आणि पुढे पाठवली. त्या पीडीएफमध्ये इतिहास कुठे संपतो आणि फुशारकी कुठे सुरू होते, हे तपासणारं कोणी नव्हतं. वाईला धर्मकोश आहे, विश्वकोशाचे खंड आहेत, तेही आता संगणकावर फुकट वाचता येतात. दहा प्राध्यापकांनी त्यातली गणिताची, आयुर्वेदाची, न्यायदर्शनाची नोंद महिनाभर एकत्र वाचली असती, तरी त्यांना वर्गात खरं आणि खोटं वेगळं करून सांगता आलं असतं. त्याऐवजी त्या विषयाचं एक दिवसाचं ऑनलाइन प्रशिक्षण झालं, बहुतेकांचे कॅमेरे बंद होते, आणि प्रमाणपत्रं मात्र सगळ्यांना मिळाली.

वेळेचं कारण अर्धं खरं आहे असं वर म्हटलं, तो अर्धा भागही सांगायला हवा. निवडणुकीची कामं, प्रवेश, परीक्षा, नॅकच्या फायली, रोज नवा तक्ता मागणारा मेल, यांत शिक्षकाचा दिवस खाल्ला जातो. सहकारी भगिनींचा दिवस तर घरी गेल्यावर पुन्हा सुरू होतो. म्हणून 'आवड असेल त्यांनी संध्याकाळी जमावं' ही भाषा मला मान्य नाही. ती पुरुषांची आणि कायम नोकरीवाल्यांची सोय आहे. वाचन हे कामाच्या वेळेत झालं पाहिजे, कारण ते काम आहे. प्राचार्यांनी परिपत्रकांचे कागद फिरवण्यासाठी सभा घेतल्या तर कोणी आक्षेप घेत नाही. आठवड्यातला एक तास पुस्तकासाठी मागितला की कार्यभाराचं गणित पुढे केलं जातं.

तेव्हा येत्या जूनमध्ये प्रत्येक प्राचार्याने वेळापत्रक लावताना शुक्रवारचा एक तास असा मोकळा ठेवावा की त्या वेळी कोणाचाच वर्ग नसेल. सुरुवात एका पुस्तकाने करावी, आणि ते आपल्याच अभ्यासक्रमातलं मूळ पुस्तक असावं, ज्याच्यावर आपण प्रश्न काढतो पण जे आपण वाचलेलं नाही. एका वेळी एक प्रकरण, त्याहून जास्त नको. मोठ्याने वाचायचं काम विभागप्रमुखाने करावं आणि पहिलं 'मला हे कळलं नाही' हेही त्यानेच म्हणावं, म्हणजे बाकीच्यांची जीभ मोकळी होईल. फोटो काढू नये. उपस्थितीची वही ठेवू नये. अहवाल लिहायचाच असेल तर त्यात एवढंच लिहावं की काय कळलं नाही आणि ते पुढच्या शुक्रवारी कोण शोधून आणणार आहे. सहलीला पाचगणीला आलातच तर टेबललँड पाहा, पण एक सकाळ भिलारच्या एखाद्या ओसरीवर बसा. आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला त्या शुक्रवारच्या तासाचं मानधन इतर तासांइतकंच, त्याच महिन्यात, हातात द्या.